सात का साठ? पोह्याच्या ठेल्यावरचा बोलता डबा, दोन वर्षांनंतर

नागपुरात मेडिकल चौकाजवळ आमचा तर्री-पोह्याचा, म्हणजे चण्याच्या तिखट रश्श्यातल्या पोह्यांचा, ठेला आहे. सकाळी सहाला कढई चढते, साडेबाराला भांडी घासून आम्ही मोकळे. गेली दोन वर्षं या ठेल्यावर एक बोलता डबा आहे. तोच, ग्राहकानं स्कॅन करून पैसे टाकले की मोठ्यानं आकडा सांगणारा. बाजूच्या रसवंतीवाल्यानं परवा विचारलं, "काकू, मी पण घेऊन टाकू का?" मला झटकन हो म्हणता आलं नाही, नाहीही म्हणता आलं नाही. म्हणून हे लिहून राहिली आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. आमच्या रांगेत चार कंपन्यांचे डबे आहेत आणि चारही ठेलेवाल्यांची रड सारखीच आहे.

आधी वस्तू कशी आहे ते. तळहातावर मावेल एवढा डबा, समोर आवाजाची जाळी, मागे चार्जिंगची पिन, आत त्याचं स्वतःचं सिमकार्ड. या सिमला महत्त्व आहे. फोन माझ्याजवळ असो, घरी राहिलेला असो, नाही तर पोरगी कॉलेजात घेऊन गेलेली असो, डब्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. पैसे खात्यात आले की कंपनीकडून त्याला निरोप येतो आणि तो बोलतो. महिन्याचं भाडं सव्वाशे रुपये, ते खात्यातूनच कापून घेतात. बॅटरी नवी होती तेव्हा चार दिवस टिकायची, आता रोज रात्री लावावी लागते. दोनदा तर्रीत पडता पडता वाचला. एकदा पडलाच, पण कांद्याच्या टोपल्यात, म्हणून जिवंत आहे.

घेतला कशासाठी, तर चार पोरांमुळे. डिसेंबरची थंडी, सकाळचे सात, ठेल्यावर ही गर्दी. चौघांनी चार प्लेटा खाल्ल्या, जास्तीची तर्री दोनदा मागितली, १२० रुपये झाले. एकानं फोन समोर धरला. हिरवी खूण, वर आमचं नाव, खाली रक्कम. माझे दोन्ही हात तेलाचे. मी मान हलवली, पोरं गेली. संध्याकाळी पोरीनं खातं पाहिलं तर १२० चा पत्ताच नाही. तिनं मग सांगितलं की असे नकली अ‍ॅप असतात, नाव आणि रक्कम टाकली की हुबेहूब तशी स्क्रीन बनवून देतात. म्हणजे फोटो पाहून पोहे दिले मी! अशा किती प्लेटा त्याच्याआधी गेल्या असतील, देव जाणे. नोटा होत्या तेव्हा मी गिऱ्हाइकाचं तोंड पाहायची. नंतर त्याचा फोन पाहायला लागले आणि तोंड पाहायचं सुटलं.

डबा आल्यावर हा प्रकार बंद झाला, तो कायमचा. डबा गिऱ्हाइकाचा फोन पाहतच नाही, खात्यात पडलं तेवढंच सांगतो. "झालं काकू, गेले पैसे" म्हणणाऱ्याला मी आता म्हणते, "डब्याला बोलू दे नं बाबू." दोन-तीन जण असे उभे राहिले, फोनकडे पाहत राहिले आणि मग खिशातून नोट काढली. नेटवर्कमुळे अडकले असतील, मी कोणावर आळ घेत नाही.

पण माझ्या मते डब्याचा खरा फायदा चोर पकडण्यात नाही, सासूबाईंत आहे. त्यांना सत्तरच्या वर वर्षं झालीत. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसरा तसाच. अक्षरओळख नाही, हिशेब मात्र पक्का. हा ठेला मुळात त्यांचा, मी लग्न होऊन आले तेव्हा गल्ल्यावर त्याच बसायच्या. २०१६ च्या नोटबंदीनंतर हळूहळू लोक फोननं पैसे द्यायला लागले. यूपीआयही त्याच वर्षी आलं होतं. मग सासूबाई गल्ल्यावरून उठल्या आणि मागे कांदे चिरायला बसल्या. कोणी उठवलं नाही त्यांना. फोनच्या काचेवर काय लिहून आहे ते दिसायचं नाही, समजायचंही नाही. डबा आला आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी आपला लाकडी पाट उचलून गल्ल्याजवळ आणून ठेवला. कानानं चालणारं काम होतं, कान त्यांचे अजून तिखट आहेत. डबा पहिले हिंदीत बोलायचा, पोरीनं सेटिंगमध्ये जाऊन मराठी केली. मराठी जरा कचेरीतली आहे, "प्राप्त झाले" म्हणतो. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "प्राप्त काय होते वो? पैसे भेटते."

आता सात आणि साठ. आमची प्लेट ३० रुपयांची, म्हणून दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा आकडा येतो तो साठ, दोघं जण येऊन खातात म्हणून. एका सकाळी गर्दीत डबा बोलला. मागे कढई चरचरत होती, समोर बस हॉर्न देत होती. मला ऐकू आलं "साठ रुपये." दोन प्लेटा दिल्या. तो माणूस खाऊन गेला. रात्री पोरगी हिशेब पाहत होती, म्हणाली, "आई, हे सात रुपये कोणाचे?" सात! कोण देतं सात रुपये? आमच्याकडे सात रुपयांत काहीच भेटत नाही, उकडलेलं अंडंसुद्धा नाही. मग ध्यानात आलं. डब्याची जाळी तेलकट झाली होती, आवाज फुटत होता, आणि त्या शहाण्यानं याच भरवशावर साताचा आकडा टाकला होता. वाह रे पठ्ठ्या. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर कळून जातं, पण सात आणि साठ यांच्यात जीभ किती वर लागते आणि थोडा श्वास, एवढाच फरक, आणि इतकं तेल चाटलेल्या डब्याला जीभ कुठली.

त्या दिवसापासून सासूबाईंनी नियम केला. डबा बोलला की त्या गल्ल्यावरून ओरडतात, "सात का साठ?" आणि गिऱ्हाइकानं सांगायचं. नेहमीचे लोक आता विचारायच्या आधीच बोलतात, "साठ, आजी, साठ!" पडद्यावर आकडा दाखवणारा नवा डबा येतो, कंपनीचा पोरगा दाखवून गेला, भाडं जास्त आहे. पण पडदा पाहायचा तर पुन्हा डोळे आले. सासूबाईंसाठी तो डबा जुन्या फोनसारखाच. नाही घेतला.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, गडचिरोली, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून पेशंट येतात आणि त्यांच्यासोबतचे लोक पंधरा-पंधरा दिवस बाहेरच्या फूटपाथवर काढतात. गेल्या पावसाळ्यात अहेरीकडचा एक म्हातारा होता, बायको भरती. त्याच्याजवळ बटणांचा फोन, खिशात मोजकीच रोकड. त्याचा पोरगा हैदराबादकडे कामाला. पोरानं माझ्याशी बोलून आमच्या क्यूआरचा फोटो मागून घेतला आणि मग रोज सकाळी आठच्या सुमारास ठेल्यावर कोणीच पैसे देत नसताना डबा बोलायचा, "साठ रुपये प्राप्त झाले." मी दोन प्लेटा बाजूला काढायची. एक तो तिथेच खायचा, दुसरी बांधून वर न्यायचा. पंधरा-सोळा दिवस हे चाललं. त्या पोराचं तोंड मी आजवर पाहिलं नाही. एके दिवशी डबा बोलला आणि म्हातारा आलाच नाही. माझ्या पोटात गोळा आला. दुपारी पोराचाच फोन आला, "आईला सुट्टी झाली, मी सांगायला विसरलो, ते पैसे राहू द्या काकू." ठीक आहे म्हटलं, पण ते साठ मी परत पाठवले. न दिलेल्या पोह्याचे कसे घेणार.

ही झाली डब्याची चांगली बाजू, आणि ती लहान नाही. आता जी गोष्ट मी रसवंतीवाल्याला दोन मिनिटांत सांगू शकले नाही ती.

पोळ्याच्या आठवड्यात मी इतवारीच्या बाजारात पोहे आणि चणे घ्यायला गेले. ४,२०० रुपये झाले. फोननं द्यायला गेले, जाईना. पुन्हा केलं, जाईना. शेटजी म्हणाले, सर्व्हर असेल. घरी आले, एटीएममध्ये कार्ड टाकलं, तिथूनही निघेना. बँकेत गेले. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीन पाहिली आणि आवाज हळू केला. म्हणाली, "तुमचं खातं होल्डवर आहे. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांकडून आलं आहे. सायबर केस." मला वाटलं माझ्या नावानं कोणी कर्ज उचललं. तसं नव्हतं. कुठल्या तरी राज्यात कोणाची तरी फसवणूक झाली, ते पैसे या खात्यातून त्या खात्यात पळाले, आणि त्या साखळीतल्या कोणीतरी माझ्या ठेल्यावर पोहे खाल्ले. १८० रुपये. सहा प्लेटा. तेवढ्यासाठी माझ्या खात्यातले ३१,००० अडकले, त्यात पोरीच्या पॉलिटेक्निकची फी होती.

हे कसं होतं ते नंतर समजलं. फसलेला माणूस १९३० वर फोन करतो किंवा सायबर पोर्टलवर तक्रार टाकतो. मग पैसे जिथे जिथे गेले त्या खात्यांचा माग काढत बँका ते थांबवतात. ही व्यवस्था चांगली आहे, मी तिला नावं ठेवत नाही. लवकर फोन केला तर पैसे वाचतात म्हणे, आणि माझ्या बहिणीचे गेले असते तर मीही तोच फोन केला असता. माझं म्हणणं एवढंच, १८० रुपये अडवा, माझं सगळं घर कशाला अडवता?

आणि या सगळ्यात डब्याचं वागणं ऐका. खात्यातून पैसे निघणं बंद होतं, येणं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला डबा नेहमीसारखा सुरू. "तीस रुपये प्राप्त झाले." "साठ रुपये प्राप्त झाले." अन् मी तिथे उभी राहून ऐकून राहिली. इतवारीत चणे घ्यायला खिशात दमडी नाही आणि हा दिवसभर आनंदानं सांगतो आहे, भेटले, भेटले, भेटले. तिसऱ्या दिवशी मी त्याला बंद केला आणि क्यूआरवर जुना कॅलेंडरचा कागद चिकटवला, "फक्त रोख." अर्धे गिऱ्हाईक वळून गेले. पोरांच्या खिशात आता नोटाच नसतात.

त्या दिवसांत काम कोणामुळे चाललं, तर इतवारीच्या त्याच शेटजींमुळे. त्यांनी लाल वहीत माझं नाव लिहिलं आणि माल दिला, सही नाही, ओटीपी नाही. सासूबाईंनी पाटाखालून चार हजार काढून दिले. त्यांच्याजवळ ते होते हे मला पंचवीस वर्षांत ठाऊक नव्हतं. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते त्या दिवशी, ती पाहायला त्या मुद्दाम महाल भागात गेल्या. लोक ओरडत होते, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" आमच्या सासूबाई मध्येच ओरडल्या, "होल्ड घेऊन जा गे मारबत!" पोरगी म्हणते आजूबाजूचे चार जण वळून पाहायला लागले, एकानं तर विचारलं, "आजी, तुमचंही का?"

एकोणीस दिवस लागले. पोरीनं बँकेला अर्ज लिहिला, त्या राज्याच्या पोलिसांना मेल केले. सोबत आधार, महानगरपालिकेचा फेरीवाल्याचा कागद, ठेल्याचा फोटो आणि त्या दिवसाचं स्टेटमेंट लावलं. इथे मात्र डब्याच्याच दुनियेनं मदत केली. स्टेटमेंटमध्ये त्या सकाळी तीस, साठ, नव्वद, तीस, साठ अशा नोंदी मिनिटागणिक होत्या. ते १८० कोणी पाहिलं तरी पोह्याचेच दिसत होते. नोटांचा धंदा असता तर हे सिद्ध कसं केलं असतं? पण नोटांचा धंदा असता तर सिद्ध करायची वेळ तरी आली असती का? दोन्ही खरं आहे आणि मी यावर फार डोकं लावत नाही. आता मी एवढं करते, रोजच्या धंद्याचं खातं वेगळं ठेवते, दर दोन दिवसांनी त्यातून पैसे काढून दुसऱ्या खात्यात टाकते आणि फीचे पैसे त्या खात्याच्या वाऱ्यालाही उभे करत नाही. रसवंतीवाल्यानं बाकी काही ऐकलं नाही तरी चालेल, हे ऐकावं.

बाकीच्या किरकोळ तक्रारी पटकन सांगते. पहिली, डबा लाजत नाही. माझी कमाई दिवसभर चौकाला ऐकवतो. आमच्या जेठांनी एकदा अर्धा तास ठेल्यावर बसून मनातल्या मनात बेरीज केली आणि संध्याकाळी उसने मागायला आले. दुसरी, कंपनीचे फोन. तुमचा धंदा चांगला चालू आहे, पन्नास हजार घ्या, रोज थोडे कापून घेऊ. माझा धंदा चांगला चालू आहे हे तुला कोणी सांगितलं बाबू? डब्यानंच सांगितलं. यूपीआयवर दुकानदाराकडून कमिशन घेणं २०२० च्या जानेवारीपासून बंद आहे, म्हणून मला वाटते ते भाड्यावर आणि अशा कर्जावर डोळा ठेवून असतात. रोज कापून जाणारं कर्ज मी घेत नाही. फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी स्वनिधी योजनेचं दहा हजारांचं पहिलं कर्ज घेतलं होतं, ते फेडलं. त्यात डिजिटल व्यवहार केले की महिन्याला जास्तीत जास्त १०० रुपये परत यायचे. म्हणजे आत्ताचा डबा तेव्हा असता तर सव्वाशे गेले असते, शंभर आले असते. जवळजवळ बरोबरीतच.

तिसरी, बंद पडणं. २०२५ च्या मार्च अखेरपासून १२ एप्रिलपर्यंत देशभर तीनदा यूपीआय अडकलं. शेवटचं त्या शनिवारी, हनुमान जयंतीला, अकरा-साडेअकराच्या पुढे. ठेल्यावर वीस माणसं खाऊन उभी आणि डबा गप्प. मी वहीत फोन नंबर लिहून घेतले. सतरा जणांनी नंतर पैसे टाकले, तिघांनी नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीकडे लाखो लोक येतात, त्या दिवशी आमच्याकडेही टॉवर दम टाकतात. म्हणून दसऱ्याला मी सुट्ट्या नोटांची वेगळी पिशवी घेऊनच निघते.

आणि मशीन ठामपणे बोलते म्हणून खरं बोलते असं नाही, हे नागपूरकरांना वेगळं काय सांगायचं. डब्याचा पहिलाच उन्हाळा होता, २०२४ च्या मे महिन्याची अखेर. आपल्या इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं तापमान ५६ अंश दाखवलं होतं. देशभर बातमी झाली, नागपूर जळून राहिलं म्हणून. नंतर हवामान खात्यानंच सांगितलं, सेन्सर बिघडला होता. त्या दिवशी मी कढईसमोर उभी होते. गरम होतं, पण रोजच्यासारखंच.

क्यूआरची गोष्ट राहिली. रात्री ठेला झाकून जातो तेव्हा आपल्या स्टिकरवर कोणी दुसरा स्टिकर चिकटवून गेला तर दिवसभराचे पैसे त्याचे. असं होतं, शहरोशहरी झालं आहे. म्हणून रोज सकाळी पहिलं काम, पोरीनं स्कॅन करून एक रुपया टाकायचा. नाव आपलंच येते का पाहायचं आणि डबा "एक रुपया" बोलला की सासूबाई डोक्याला हात लावतात. त्यांच्या मते ही बोहनी आहे. पोरगी म्हणते आजी, हे चेकिंग आहे. आणखी एक, "चुकून तुमच्या खात्यात आले, परत करा" असा फोन आला की मी विचारते, डबा बोलला का? डबा बोलला नसेल तर पैसे आले असं मी धरत नाही, आधी खातं पाहते, मेसेज काहीही असो. आणि पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन लागतो तो पैसे द्यायला, नाही तर खात्यातली शिल्लक पाहायला. ठेल्याच्या छताला आतून हे खडूनं लिहून ठेवलं आहे. एकमेकांना पैसे मागणारी ती रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, ते बरं झालं. माझ्या नणंदेचे तिथेच गेले होते.

तारे द्यायचे असतात ना? पाचांतले तीन देते. आवाज फुटतो म्हणून एक कापला, कंपनीच्या कर्जवाल्यांनी झोप मोडली म्हणून एक. होल्डचा तारा डब्यावर कापत नाही, तो त्याच्या हातचा नव्हता. डबा पुढच्या वर्षीही ठेवणार आहे.

काल रसवंतीवाल्यानं शेवटी डबा घेतलाच. आज सकाळी दोन्ही डबे एकाच वेळी बोलले आणि सासूबाईंचं डोकं फिरलं. पाटावरून अर्ध्या उठून त्या दोन्हीकडे ओरडल्या, "अबे, सात का साठ? आणि कोणाचे?"